दोन फायली आणि माझा 'हो'

यंदाच्या चातुर्मासात मी नेहमीसारखी वांगी सोडली असती, तर आमच्या जगदीशच्या कागदावर 'उंचावरून खाली उतरता येत नाही' असा शेरा पडला नसता. वीस वर्षं हवाई दलात विमान चालवलेल्या माणसाच्या कागदावर असा शेरा पडावा, आणि तो सख्ख्या आईमुळे पडावा, ही काही मिरवायची गोष्ट नाही. परवा कार्तिकी झाली, द्वादशीला उद्यापन झालं, म्हणून आता लिहायला बसले. वरच्या दोन वाक्यांत 'नाही' हा शब्द दोनदा आला आहे. चार महिन्यांनी वापरते आहे, हात जरा सढळ झालाय. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

त्याचं असं झालं. आषाढीच्या आदल्या दिवशी खालापूरच्या देवळात बुवांचं प्रवचन होतं. आम्ही कुंभिवलीच्या बायका मिनीडोर रिक्षा करून गेलो. बुवा म्हणाले, "चातुर्मासात तुम्ही वांगी सोडता. त्यानं देवाला काय मिळतं? तुमची वांगी शेजारीण खाते. सोडायचंच असेल तर जिभेवरचं काही सोडा. चार महिने कुणाला 'नाही' म्हणू नका. बघा अहंकार कसा सुकतो ते." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या आणि घरी येऊन वांगी सोडली. मी मात्र हातावर पाणी घेऊन रीतसर संकल्प केला. संकल्प करताना मनात काहीतरी मागायचं असतं. मी म्हटलं, देवा, जगदीश वीस वर्षं लांब राहिला. आता जवळ येऊ दे.

हे मी त्याला स्वतःलाच का सांगितलं नाही, असं कुणी विचारील. मागणं देवाकडे करायचं, मुलांकडे करायचं नसतं, असं आमच्या आईनं शिकवलं. मुलं अडचणीत येतात. देवाला सवय असते.

प्रवचन संपल्यावर मी बुवांना हळूच दोन-तीन शंका विचारल्या. 'नको' म्हटलेलं चालेल का? बुवा म्हणाले, तो 'नाही'चा धाकटा भाऊ. नुसती मान हलवली तर? मान जिभेच्या शेजारीच राहते, तीही आली. कुणाला सांगायचं का? "व्रत बोलून दाखवलं की फळ गेलं," बुवा म्हणाले आणि चपला शोधायला लागले. हातांबद्दल विचारायचं मला सुचलं नाही.

त्यामुळे घरात कुणालाच पत्ता नव्हता, अगदी यांनासुद्धा. पहिला महिना तसा बरा गेला. फरशी पुसायचे तीन दांडे घरात आले, कारण दारावर तीन विक्रेते आले. शेजारच्या धोंडूबाईंनी "नंदे, माज्या कोंबड्या चार दिस तुज्या पडवीत ठेवू?" असं विचारलं आणि कोंबड्या आल्या. चार दिवस संपले, कोंबड्या राहिल्या. यांना वयाच्या बाहत्तराव्या वर्षी दिवसातून पाच वेळा चहा मिळू लागला. हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमची ही आता मवाळ झाली." आता, लग्न झाल्यापासून मी मवाळच आहे. माझा आवाज पडवीच्या बाहेर कधी गेला असेल, तर तो आरतीतच. पण यांना ते दिसायला पाचवा चहा लागला. असो.

जगदीशची नोकरी भाद्रपदात पुरी झाली. तो हवाई दलाची मालवाहू विमानं चालवायचा. कधी आसाम, कधी लडाख, फोनवर "आई, बरा आहे" एवढंच. तो आणि आमची सूनबाई समीक्षा घरी आले, ते दोन फायली घेऊन. दोन विमान कंपन्यांनी त्याला बोलावलं होतं. कंपन्यांची नावं इंग्रजीतली आणि माझ्या कानाला जुळ्या बहिणींसारखी, म्हणून मी त्यांना फायलींच्या रंगावरूनच ओळखते.

हिरव्या कंपनीची विमानं मोठी, परदेशात जाणारी. राहायचं दिल्लीला. बसायचं मात्र उजव्या खुर्चीत, म्हणजे दुय्यम वैमानिक म्हणून. पिवळीची विमानं लहान, पंख्यांची. पण वर्षभरात डावी खुर्ची, म्हणजे मुख्य वैमानिक. आणि राहायचं (इथं मी हातातली वात खाली ठेवली) पनवेलजवळच्या नव्या विमानतळापाशी. रस्ता मोकळा असला तर आमच्या घरापासून तासाभरावर. दोघींनाही सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर हवं होतं. त्या दिवशी मंगळवार होता.

मी दोन्ही फायली देवापुढे ठेवल्या आणि न्याय म्हणून दोन्हींवर हळदकुंकू वाहिलं. पिवळ्या फायलीवर हळद दिसेना, म्हणून चिमूटभर जास्त वाहिली. त्यात पक्षपात नव्हता. खुर्च्यांचा मात्र माझा गोंधळ उडाला. देवाधर्मात उजवं ते चांगलं, आणि विमानात डावं ते वरचं. प्रदक्षिणा घालताना मी दोनदा थबकले.

गावाला बातमी लागली आणि सल्ले सुरू झाले. हे म्हणाले, "माणसानं मोठ्यात जावं. मी कारखान्यात चाळीस वर्षं एकाच लहान यंत्रावर काढली. हिरवीच घ्यावी. बरोबर ना गं?"

"हो," मी म्हणाले.

समोरचे सुनील भाऊजी जमिनींची दलाली करतात. ते म्हणाले, "वहिनी, विमानतळाजवळ राहणारा माणूस आणि हायवेला लागून असलेली जागा, दोन्हीचा भाव चढताच. पिवळी. आहे का नाय खरं?"

"हो."

तासाभरानं त्यांची बायको वनिता आली. "वहिनी, दिल्लीला गेला तर आपल्याला उतरायला हक्काचं घर होईल. वैष्णोदेवी करता येईल. हिरवीच ना?"

"हो."

रात्रीच्या जेवणाला त्या दोघांनी आपापला 'हो' ताडून पाहिला आणि नंदावहिनी दुतोंडी आहे असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी वनितानं माझ्याकडची विरजणाची वाटी मागवून घेतली. अठ्ठेचाळीस वर्षं गावात काढून दुतोंडी ठरायला मला दोन 'हो' पुरले.

धोंडूबाई कोंबड्यांना दाणे टाकायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंच्या कंपनीचं इमान आपल्या वाडीवरनं जातं? त्येच्यात लाव त्याला. निदान हात तरी दावता येल." मला वाटतं, त्या दिवशी आलेल्या सगळ्या सल्ल्यांत तेवढा एकच मुद्द्याचा होता.

बुधवारी दुपारी मी वाती वळत बसले होते. जगदीश येऊन समोर बसला.

"आई, हिरवी घेऊ?"

"हो."

"आणि पिवळी घेतली तर?"

"हो."

तो मग म्हणाला, "म्हणजे मी दिल्लीला राहिलो काय आणि इथं राहिलो काय, तुला फरक पडत नाही?"

'फरक पडतो.' दोनच शब्द होते. साधे, सात्त्विक, व्रताला न बाधणारे. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना सुचले. त्या घडीला मात्र पुढ्यात प्रश्न होता आणि तोंडात दोन-अडीच महिन्यांची वळण लागलेली जीभ होती.

"हो," मी म्हणाले.

जगदीशनं ताटातली एक वात उचलली, उलगडली, पुन्हा वळायचा प्रयत्न केला. "खरंय. वीस वर्षं नव्हतोच की," तो म्हणाला. ते मला म्हणाला की वातीला, कळलं नाही. ती वात काही त्याला वळता आली नाही. ठेवून उठला.

गुरुवारी सकाळी 'फरक पडतो' सुचल्याबरोबर मी तांब्या घेऊन तशीच बाहेर आले, तर हे एकटेच ओट्यावर बसलेले. "गेले ते दोघं. माथेरानला. तिथं गाड्या नाहीत, वर्दळ नाही, दोन दिवस फोन बंद ठेवून विचार करतो म्हणाला. कंपन्यांना तुझा नंबर देऊन ठेवलाय. निरोप आला तर नुसता ऐकून ठेवायचा. कळलं?"

"हो."

दुपारी बाराला हिरव्या कंपनीचा फोन आला. मुलगी हिंदीत बोलत होती, फार अदबीनं. दोन-तीन वाक्यं झाल्यावर तिनं विचारलं, "तो मॅम, हम समझें कि सर हमारे यहाँ जॉइन कर रहे हैं?" मी घुटमळले. व्रत मी मराठीतून घेतलं होतं, हिंदीतल्या 'नहीं'बद्दल बुवांनी काहीच सांगितलं नव्हतं. पण देवाला हिंदी येते.

"हाँ जी," मी म्हणाले. तिनं माझं अभिनंदन केलं.

दोनला पिवळ्या कंपनीचा. ही मुलगी मराठी, लाघवी. "काकू, सर आमच्याकडेच येणार ना?" आता खरं सांगते, हा 'हो' व्रताचा नव्हता. हा माझाच होता, पोटातून आलेला. तिनंही अभिनंदन केलं. एका मुलाबद्दल एका दिवसात दोन अभिनंदनं; आणि मी देवापुढे बसून घामानं निथळत होते.

संकट एवढ्यावर राहिलं असतं. पण विमान कंपनीत माणूस घ्यायचा तर त्याच्या घरी येऊन चौकशी होते. आणि दोन कंपन्या वेगळ्या असल्या तरी खोपोलीकडच्या चौकशा करणारा माणूस एकच होता.

शुक्रवारी सकाळी तो स्कूटरवरून आला. पन्नाशीचा, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. "मावशी, मी नामा. शिळफाट्यावरनं आलो. नोकरीची चौकशी हाय." ओट्यावर बसून त्यानं फॉर्म काढला. हिरव्या कंपनीचा.

"जगदीश हितंच राह्यचे?"

"हो."

"तुमी आई?"

"हो."

"त्यांच्यावर पोलीस केस-बिस हाय का कुठं?"

हा प्रश्न असा समोरून अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. "देवाची कृपा आहे," मी म्हणाले.

नामानं माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: देवाची कृपा.

"दारूबिरू?"

"ताक पितो."

"मी दारूचं इचारतोय मावशी."

"ताकच पितो. सैंधव घालून."

तेही लिहिलं. "आदीच्या नोकरीतनं काढून टाकलेलं नाय ना?"

या प्रश्नाला मात्र 'हो' असा चपखल बसला की मला गहिवरून आलं. मी तो दोनदा म्हणाले. नामानं संशयानं पेन थांबवलं आणि विचारलं, "शेजारी कोन साक्षीदार हाय?"

साक्षीदार कोंबड्यांना दाणे टाकत होती. धोंडूबाई पदराला हात पुसत आल्या. नामानं विचारलं, "आजी, जगदीशला वळखता?"

"वळखते म्हंजे? माज्या आंब्यावर असायचा रं रोज. चढायचा सरसर. मंग उतरता यायचं नाय."

"उतरता यायचं नाय?"

"नाय ना. वर बसून रडायचा. आमचा म्हातारा शिडी लावायचा, तवा खाली."

नामा माझ्याकडे वळला. "खरं का मावशी?"

खरंच होतं. "हो," मी म्हणाले.

नामा प्रामाणिक माणूस होता. साक्षीदार जे बोलेल ते लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, हा त्याचा नेम. नेमाच्या माणसाला मी नावं ठेवणार नाही.

दुपारी चारला पुन्हा स्कूटर वाजली. पुन्हा नामा, कोपरात तेच हेल्मेट, हातात दुसरा फॉर्म. आमच्या दारावरचा नंबर त्यानं वाचला, कागदावरचा वाचला, पुन्हा दारावरचा वाचला.

"मावशी, सकाळी मी हितंच आलतो ना?"

"हो."

"तवा दुसरी कंपनी व्हती."

"हो."

"आनि आता ही?"

"हो."

"दोनीकडं लागनार?"

"हो."

नामा हळूहळू ओट्यावर बसला. पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाला, "एक मानूस येकाच टायमाला दोन इमानं कशी चालवनार मावशी?"

याला 'हो' लागू पडत नव्हता. "देवाची कृपा," मी म्हणाले.

त्यानं बराच वेळ लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. " 'आईच्या सांगण्यानुसार उमेदवार दोन्ही कंपन्यांत एकाच वेळी लागणार आहे. साक्षीदाराच्या सांगण्यानुसार त्याला उंचावरून खाली उतरता येत नाही. ताक पितो.' बराबर लिवलंय?"

"हो."

"सकाळच्यालाबी हाच शेरा जोडतो. कागद सारखे पायजेत." नामानं मला दाराच्या नंबराखाली उभं करून फोटो काढला. "इतकं सरळ उत्तर देनारी बाई मी पाह्यली नाय," असंही म्हणाला. आठवडाभरात माझी कुणी केलेली ती एकमेव स्तुती. फोटोत दोन कोंबड्याही आल्या.

शनिवारी संध्याकाळी जगदीश आणि समीक्षा परत आले. माथेरानची तांबडी माती दोघांच्या बुटांना होती. नेरळला उतरल्यावर त्यानं फोन सुरू केला होता. आधी दोन अभिनंदनं आली आणि मागोमाग दोन खुलासे मागणारी पत्रं. मजकूर जवळजवळ एकच. उमेदवार नक्की कुठल्या कंपनीत येतो आहे हे त्यानं सोमवारी पाचपर्यंत लेखी कळवावं, दोन्हीकडे होकार दिला असल्यास दोन्हीकडची जागा जाईल. आणि साक्षीदाराचा दुरुस्त जबाब जोडावा. हिरव्या कंपनीनं नम्रपणे आणखी एक ओळ लिहिली होती, की त्यांच्याकडे विमान उतरवता येणं आवश्यक समजतात.

जगदीश पडवीत उभा राहिला. पायाशी कोंबडी. "आई, तू दोघांनाही हो म्हणालीस?"

"हो."

"पण का?"

मी सगळा जीव गोळा केला. "फरक पडतो रे जगदीश," मी म्हणाले.

"पडतोच ना फरक. म्हणून तर विचारतोय." आणि तो फोन घेऊन अंगणात गेला. दोन दिवस जपून ठेवलेले ते दोन शब्द असे भलत्याच खात्यात जमा झाले.

हे म्हणाले, "तिला बोलू नकोस. ती हल्ली सगळ्यांनाच हो म्हणते. मवाळ झालीय."

"बोलत नाही बाबा. मी तसं ठरवूनच आलोय. हिरवी. दिल्लीला जातो," जगदीश बाहेरूनच म्हणाला. "इथं कुणाचं काही अडत नाही, मग लहान विमानात कशाला..." वाक्य त्यानं तिथंच सोडलं. समीक्षा कोपऱ्यात उभ्या असलेल्या तीन दांड्यांकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी मी पोथी संपवली आणि बुवांना गाठायला निघाले. ते खालापूरला नव्हते, कर्जतला एका यजमानांकडे पितृपक्षाचं जेवायला गेले होते. एसटीनं कर्जतला पोचेपर्यंत पंगत बसली होती. बुवांच्या पानात भरली वांगी होती.

मी बाजूला बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. ज्यांनी व्रत दिलं त्यांना सांगितलं तर ते बोलून दाखवणं होत नाही, असं मी वाटेत स्वतःला पटवलं होतं.

"अच्छा, ते व्रत," बुवा म्हणाले. "अहो, ते मी स्वतः करून पाहिलं होतं. तीन दिवस. चौथ्या दिवशी मेहुण्यानं माझी मोटारसायकल मागितली."

"मग?"

"मग मी वांगी सोडली." त्यांची नजर पानाकडे गेली. "गेल्या वर्षी."

"मी काय करू?"

"मोडायचं तर मोडा, प्रायश्चित्त सांगतो. नाहीतर घरी सांगून टाका. सांगितल्यानं मोडणार नाही, नुसतं फळ जाईल."

नुसतं फळ. फळ म्हणजे जगदीश. त्यासाठीच तर मी तीन दांडे, कोंबड्या आणि दुतोंडीपणा सोसला होता. सांगावं तर जवळ यायचं फळ जातं. गप्प बसावं तर तो स्वतःच दिल्लीला जातो. यजमानीणबाईंनी विचारलं, "वांगं वाढू?" मी "हो" म्हणाले आणि दहा वर्षांत पहिल्यांदा चातुर्मासात वांगं खाल्लं. पाच वांगी खाल्ली, कारण त्यांनी पाच वेळा विचारलं.

सोमवारी सकाळी समीक्षा स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ही मुलगी बोलते कमी.

"आई, दारावर दांडेवाला आलाय. चौथा घेऊ?"

"हो."

"आणि मी काय म्हणते, या कोंबड्या इथं आत घेऊ? ओट्याखाली?"

ओट्याखाली माझे सोवळ्याचे डबे असतात. मी डोळे मिटले. "हो."

डोळे उघडले तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "आई, तुम्ही काही..." ती म्हणाली, आणि थांबली. तिच्या आईचे सोळा सोमवार झालेले आहेत. कुठं विचारायचं नसतं ते तिला घरूनच ठाऊक होतं. तिनं माझ्या हातातला झारा घेतला. "तुम्ही बसा. मी करते," म्हणाली. दारावर कुणीच आलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

चार वाजता पडवीत बैठक भरली. नामा दुरुस्त जबाब घ्यायला आला होता. धोंडूबाईंनी अंगठ्याला शाई लावून घेतली होती.

"लिव," त्या म्हणाल्या. "आता उतरता येतं त्याला. पर मी काय सोता बघितलं नाय हां. आंबा आता तोडला."

"नुसतं 'येतं' एवढंच लिहा ना नामाभाऊ," जगदीश काकुळतीनं म्हणाला.

"साक्षीदार बोलंल तेच लिवनार सायेब."

जगदीशच्या पुढ्यात खुलाशाचं पत्र होतं. सगळं लिहून झालं होतं, फक्त कंपनीच्या नावाची जागा कोरी होती. हिरवं ठरलं होतं, तरी ती भरत नव्हती. समीक्षा त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली, जेमतेम एक वाक्य. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग दांड्यांकडे पाहिलं, मग कोंबड्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग पेन ठेवून उठला आणि माझ्या पुढ्यात येऊन खाली बसला.

जगदीश लहान असताना काही ठरत नसलं की आमच्याकडे बोट धरायची पद्धत होती. सहलीला जायचं की आजोळी, लाडू की चिवडा. तो दोन बोटं पुढे करायचा, मी एक धरायची, आणि ठरायचं. शेवटचं बोट धरलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा असेल.

त्यानं उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली. "हे हिरवं, हे पिवळं," तो म्हणाला. "तोंडानं काहीच बोलू नकोस आई. नुसतं धर."

मी समीक्षाकडे पाहिलं. ती वाशांकडे बघत होती. हे चहाचा कप हातात घेऊन तसेच थांबले. हातांबद्दल बुवांनी काही सांगितलं नव्हतं.

मी पिवळं बोट धरलं.

जगदीशचं बोट आता माझ्या मुठीत मावत नाही. पण इतकं घट्ट ते मी पूर्वीही धरलं नसेल.

"कंची गं धरली?" धोंडूबाईंनी विचारलं. "वाडीवरनं जाती ती?"

"जाईल आजी," जगदीश म्हणाला. "तू हात दाखव."

"सायेब," नामा घड्याळ बघत म्हणाला, "पाचाला पाच मिन्टं हायेत."

"आई, सोड आता," जगदीश म्हणाला. "याच हातानं लिहायचंय."

"हो," मी म्हणाले, आणि बोट काही सोडलं नाही.